शरच्चंद्रांची ‘देवदास’ कादंबरी आणि तिची चित्रपटीय माध्यमांतरे : एक तौलनिक अभ्यास

गोषवारा

शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या ‘देवदास’ (१९१७) या बंगाली कादंबरीवर भारतीय भाषांत अनेक चित्रपट निघाले. त्यांपैकी प्रमथेश बरुआ, बिमल रॉय, संजय लीला भन्साळी आणि अनुराग कश्यप या चार दिग्दर्शकांच्या कृतींचा तौलनिक विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. मूळ कादंबरीत नायकाच्या नाशाची जबाबदारी मुख्यतः नायकावरच येते. चित्रपटांतून मात्र ती कधी नियतीकडे, कधी कुटुंबाकडे, तर कधी खलपात्रांकडे सरकत जाते. जबाबदारीचे हे स्थलांतर आणि त्याचा पार्वती व चंद्रमुखी या स्त्रीपात्रांवर झालेला परिणाम हा या निबंधाचा केंद्रविषय आहे.

बीजसंज्ञा : माध्यमांतर, देवदास, प्रेमकादंबरी, पटकथा, स्त्रीपात्रे, नैतिक जबाबदारी.

१. प्रास्ताविक

साहित्यकृती आणि चित्रपट यांचे नाते भारतीय चित्रपटाइतकेच जुने आहे. मूकपटांच्या काळापासून पुराणकथा, नाटके आणि कादंबऱ्या यांनी पडद्याला कथा पुरवल्या. या परंपरेत ‘देवदास’चे स्थान विशेष आहे. १९२८ साली नरेश मित्र यांनी या कादंबरीवर मूकपट काढला. त्यानंतर बंगाली, हिंदी, असमिया, तेलुगू, तमिळ अशा विविध भाषांत ही कथा पुनःपुन्हा पडद्यावर आली. १९५३ साली वेदांतम राघवय्या यांच्या दिग्दर्शनाखाली अक्किनेनी नागेश्वर राव आणि सावित्री यांनी साकारलेला ‘देवदासु’ दक्षिणेत अतिशय गाजला.

मराठी वाचकाला शरच्चंद्र परके नाहीत. मामा वरेरकरांनी केलेल्या अनुवादांमुळे शरदबाबूंचे साहित्य मराठी घराघरांत पोहोचले. बरुआंच्या ‘देवदास’ला मराठी चित्रसृष्टीने दिलेले उत्तरही सुपरिचित आहे. प्रेमभंगातून आत्मनाशाकडे जाणारा नायक तरुणांसमोर आदर्श म्हणून उभा राहू नये, या जाणिवेतून व्ही. शांताराम यांनी १९३९ साली ‘प्रभात’तर्फे ‘माणूस’ काढला. त्यातील पोलीस शिपाई गणपत प्रेम गमावल्यावरही आपल्या कर्तव्याकडे परततो. ‘देवदास’ ही केवळ प्रेमकथा नसून ‘प्रेमात हरलेल्या माणसाने कसे जगावे’ या प्रश्नावरील वाद आहे, हे शांतारामांनी त्या काळीच ओळखले होते.

आज महाविद्यालयीन विद्यार्थ्याची ‘देवदास’शी पहिली भेट बहुधा कादंबरीतून होत नाही. ती पडद्यावर होते, आणि तीही अनेकदा २००२ सालच्या चित्रपटातून. साहित्य आणि चित्रपट हा घटक शिकवताना त्यामुळे एक अडचण उभी राहते. विद्यार्थी चित्रपटातील कथेलाच कादंबरीची कथा मानतो आणि चित्रपटाने दिलेला निवाडा लेखकाचा निवाडा समजतो. या दोहोंतील अंतर स्पष्ट करणे म्हणूनच आवश्यक ठरते.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

१. ‘देवदास’ कादंबरीतील नैतिक पेचाचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. निवडक चार चित्रपटांत या पेचाची मांडणी कशी बदलत गेली, हे पाहणे.
३. या बदलांचा पार्वती आणि चंद्रमुखी यांच्या चित्रणावर झालेला परिणाम तपासणे.

३. अभ्यासाची पद्धती व मर्यादा

माध्यमांतराच्या अभ्यासात ‘मूळ कृतीशी प्रामाणिकपणा’ हा निकष दीर्घकाळ वापरला गेला. जॉर्ज ब्लूस्टोन यांनी १९५७ सालीच कादंबरी आणि चित्रपट या दोन भिन्न कलांची सामग्री व मर्यादा भिन्न असल्याचे दाखवून दिले. पुढे लिंडा हचियन यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात माध्यमांतराला दुय्यम प्रत न मानता स्वतंत्र निर्मिती मानावे, असा आग्रह धरला. ही भूमिका मान्य करूनही एक प्रश्न शिल्लक राहतो. दिग्दर्शकाला बदल करण्याचे स्वातंत्र्य आहे. परंतु बदल झाल्यावर कृतीचा अर्थ कोणत्या दिशेने गेला, हे तपासण्याचे दायित्व समीक्षेवर आहे. म्हणून प्रस्तुत निबंधात कादंबरीतील चार प्रसंग आधारभूत मानले आहेत : पार्वतीची रात्रीची भेट, तिच्या कपाळावरील घाव, पार्वती व चंद्रमुखी यांचे परस्परसंबंध आणि देवदासचा मृत्यू. अन्य भाषांतील चित्रपटांचा विचार विस्तारभयास्तव केलेला नाही.

४. कादंबरीतील पेच : दोष कोणाचा?

शरच्चंद्रांनी ‘देवदास’ अगदी तरुण वयात लिहिली आणि ती बऱ्याच वर्षांनी, १९१७ साली प्रसिद्ध झाली. ती प्रकाशित करण्याबाबत त्यांना स्वतःला संकोच होता. कादंबरी आकाराने लहान आहे. तालसोनापूर हे गाव, शेजारी-शेजारी असलेली दोन घरे, जमीनदार मुखर्जींचा हट्टी मुलगा आणि चक्रवर्तींची मुलगी एवढ्या सामग्रीवर ती उभी राहते. चक्रवर्तींच्या घरात मुलीच्या लग्नात पैसे घेण्याची चाल आहे, शिवाय ते घर अगदी शेजारचे; या कारणांवरून मुखर्जी कुटुंब सोयरीक नाकारते. हा नकार कादंबरीत मोजक्या शब्दांत येतो. तेथे आक्रस्ताळेपणा नाही, सूड नाही, कटकारस्थानही नाही.

खरी घटना त्यानंतर घडते. तेराव्या वर्षात पाऊल टाकलेली पार्वती मध्यरात्री एकटी देवदासच्या खोलीत येते आणि त्याच्या पायाशी आश्रय मागते. त्या काळच्या मर्यादा ध्यानात घेता हे साहस विलक्षण आहे. लोकलज्जेची भीती देवदासला वाटते, पार्वतीला नाही. तो वडिलांशी बोलतो, त्यांच्या संतापापुढे माघार घेतो, कलकत्त्याला निघून जातो आणि तेथून पार्वतीला तिने आपल्याला विसरावे अशा आशयाचे पत्र पाठवतो. ते पत्र त्याच्याकडून कोणीही लिहवून घेतलेले नाही. पश्चात्ताप होऊन तो परततो, तेव्हा पार्वतीचे लग्न ठरलेले असते. आता तिचाही स्वाभिमान जागा झाला आहे. तळ्याच्या घाटावर ती त्याला बरोबरीच्या नात्याने उत्तर देते आणि तो हातातील गळाच्या काठीने तिच्या कपाळावर वार करतो.

हा घाव कादंबरीचा मध्यबिंदू होय. प्रेमाची खूण आणि पुरुषी अहंकाराची खूण येथे एकाच जखमेत एकत्र येतात. लेखक देवदासवर करुणेची दृष्टी ठेवतो, पण त्याला निर्दोष ठरवत नाही. विचार न करता क्षणात निर्णय घेणाऱ्या स्वभावाविषयी निवेदक वेळोवेळी भाष्य करतो आणि वाचकाला नायकापासून काही अंतरावर उभे करतो.

शेवटही तितकाच कठोर आहे. मरणापूर्वी एकदा पार्वतीच्या दारी येण्याचे वचन पाळण्यासाठी देवदास हातीपोत्याला पोहोचतो आणि वाड्यासमोरील झाडाखाली बेवारस माणसासारखा मरतो. तो कोण हे पार्वतीला कळते तेव्हा त्याचे प्रेतही तेथे नसते. ती धावत सुटते, तिला अडवले जाते आणि ती मूर्च्छित होते. दोघांच्या मधे भिंत उभी करणारा कोणी खलनायक येथे नाही. मधे आहे तो फक्त उशीर. देवदासने आयुष्यभर केलेला उशीर शेवटी त्याच्या मरणालाही पुरून उरतो.

५. प्रमथेश बरुआ : नियतीचा स्वर

न्यू थिएटर्सने १९३५ साली बरुआंच्या दिग्दर्शनाखाली बंगाली ‘देवदास’ काढला. त्यात नायकाची भूमिका बरुआंनी स्वतः केली. लगोलग निघालेल्या हिंदी आवृत्तीत कुंदनलाल सैगल देवदास झाले. पार्वतीच्या भूमिकेत जमुना होत्या. १९३७ साली बरुआंनीच असमिया आवृत्तीही काढली.

बरुआंचे मोठे योगदान संकलनाच्या क्षेत्रात आहे. शेवटच्या प्रवासात देवदासला होणारी वेदना आणि दूर असलेल्या पार्वतीची अस्वस्थता समांतर संकलनातून जोडली जाते. दोन ठिकाणच्या घटनांत कार्यकारणभाव नसताना केवळ चित्रचौकटींच्या जोडणीने मनोमीलनाचा प्रत्यय देणारी ही रीत त्या काळात नवी होती. मात्र याच तंत्राने अर्थाची दिशा बदलली. कादंबरीत दोघांमध्ये अंतर निर्माण होते ते देवदासच्या निर्णयामुळे. चित्रपटात अदृश्य धाग्याने बांधलेल्या दोन जिवांना नियतीने वेगळे केले, असा भाव प्रबळ होतो.

सैगल यांच्या गायनाने या भावाला आणखी बळ दिले. कादंबरीतील देवदास फारसा बोलका नाही आणि आपल्या दुःखाचे नेमके वर्णनही त्याला करता येत नाही. गीतांनी त्याला एक अंतःस्वर दिला. निवेदक मागे सरला आणि गायक पुढे आला. ज्याच्या चुका वाचकाने मोजायच्या, त्याच्या दुःखात प्रेक्षक विरघळू लागला. भारतीय चित्रपटातील आत्मपीडक नायकाची परंपरा येथून रूढ झाली. शांतारामांचा आक्षेप याच विरघळण्यावर होता.

६. बिमल रॉय : संयमाची भाषा

बरुआंच्या हिंदी ‘देवदास’चे छायाचित्रण बिमल रॉय यांनी केले होते. वीस वर्षांनी, १९५५ साली, त्यांनी स्वतः ही कथा दिग्दर्शित केली आणि ती बरुआ व सैगल यांच्या स्मृतीस अर्पण केली. पटकथा नबेंदू घोष यांची, संवाद राजिंदरसिंग बेदी यांचे, संकलन हृषीकेश मुखर्जी यांचे आणि संगीत सचिनदेव बर्मन यांचे, अशी ही जुळणी होती. दिलीपकुमार, सुचित्रा सेन, वैजयंतीमाला आणि मोतीलाल यांच्या भूमिका त्यात होत्या.

मूळ कादंबरीच्या सर्वांत जवळ जाणारी ही कृती आहे, असे सामान्यतः मानले जाते. त्याचे कारण केवळ घटनाक्रमात नाही. बालपणाच्या प्रसंगांना रॉय यांनी पुरेसा अवकाश दिला आहे. शाळा, आमराई, तळे, गाणारे बाऊल यांतून गाव उभे राहते आणि पार्वतीवर हात उगारण्याची देवदासची सवय बालपणापासूनची आहे, हेही दिसते. त्यामुळे घाटावरचा वार अचानक येत नाही. तो एका जुन्या अधिकारभावनेचा परिपाक वाटतो. दिलीपकुमार यांचा अभिनय दुःख दाबून धरणारा आहे. त्यामुळे सहानुभूती निर्माण होत असतानाही न्यायबुद्धी पूर्णतः झोपत नाही.

रॉय यांनी केलेला सर्वांत महत्त्वाचा बदल पार्वती व चंद्रमुखी यांच्यासंबंधी आहे. कादंबरीत या दोघी कधीच भेटत नाहीत. चित्रपटात एका रस्त्यावर त्या समोरासमोर येतात. पालखीत पार्वती आहे, पायी चालणारी चंद्रमुखी आहे. दोघी एकमेकींकडे पाहतात आणि वाटा पुन्हा वेगळ्या होतात. एकही शब्द उच्चारला जात नाही. पालखी आणि पायवाट यांतून दोघींचे सामाजिक स्थान कळते, आणि दोघींची हानी एकच आहे हे दृष्टिभेटीतून कळते. कादंबरीत नसलेला हा प्रसंग कादंबरीचा आशय अधिक उजळ करतो. बदल करूनही मूळ अर्थाशी इमान कसे राखावे, याचे हे उत्तम उदाहरण होय.

चंद्रमुखीला मिळालेल्या या प्रतिष्ठेचे एक उत्तरकथन आहे. या भूमिकेसाठी साहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार वैजयंतीमाला यांना जाहीर झाला, तेव्हा आपली भूमिका पार्वतीच्या बरोबरीची आहे, या कारणाने त्यांनी तो नाकारला. कादंबरीतील चंद्रमुखीचा प्रवास पाहता ही भूमिका योग्यच म्हणावी लागेल. व्यवसाय सोडून खेड्यात साधेपणाने राहणारी, गावकऱ्यांना अडीअडचणीला पैसे देणारी, पुढे देवदासच्या शोधात निघून रस्त्यावर पडलेल्या त्याला घरी आणून त्याची शुश्रूषा करणारी ही स्त्री आहे. संपूर्ण कथेत स्वतःच्या निर्णयाने आयुष्य बदलणारी ती एकमेव व्यक्ती आहे.

७. संजय लीला भन्साळी : वैभव आणि खलत्व

२००२ सालचा ‘देवदास’ हा शाहरुख खान, ऐश्वर्या राय आणि माधुरी दीक्षित यांचा भव्य चित्रपट. त्याच वर्षी कान महोत्सवात तो स्पर्धेबाहेर दाखवला गेला. नितीन चंद्रकांत देसाई यांच्या कलादिग्दर्शनाने उभे केलेले रंगीत काचांचे महाल आणि पाण्याकाठचा कोठा यांमुळे त्याची दृश्यसमृद्धी निर्विवाद आहे. बिनोद प्रधान यांचे छायाचित्रण आणि नृत्यरचना यांचा दर्जाही उच्च आहे. केवळ ‘भपका’ म्हणून या चित्रपटाची वासलात लावणे अन्यायाचे ठरेल. भव्यता ही येथे भावनेची भाषा आहे. नाटक आणि नृत्य यांच्या परंपरेतून आलेली ही भाषा समीक्षकांनी समजून घेतली पाहिजे.

प्रश्न भव्यतेचा नाही, दोषाच्या वाटणीचा आहे. कादंबरीत काही वाक्यांत संपणारा सोयरीकीचा नकार येथे एक दीर्घ नाट्यप्रसंग होतो. पारोची आई सुमित्रा मुखर्जींच्या घरच्या समारंभात आनंदाने नाचते, लग्नाचा विषय काढते आणि सर्वांसमक्ष अपमानित होते. देवदासची वहिनी कुमुद कान भरण्याचे काम करते. पुढे कालीबाबू हे कादंबरीत नसलेले पात्र पारोच्या सासरी तिचे गुपित फोडते. यामुळे घडलेल्या प्रत्येक अनर्थासाठी प्रेक्षकाला बोट दाखवण्यास कोणी ना कोणी मिळतो. देवदास कलकत्त्याहून नव्हे, लंडनहून परततो. त्याच्यासाठी पारो वर्षानुवर्षे दिवा तेवत ठेवते. प्रतीक्षेचे हे प्रतीक सुंदर आहे. परंतु मध्यरात्री स्वतः निर्णय घेऊन चालत येणारी मुलगी आणि दिव्यापाशी बसून राहणारी मुलगी यांत अंतर आहे, हे विसरता येत नाही. रात्रीची भेट या चित्रपटातही आहे, पण दिव्याच्या प्रतिमेने ती झाकोळून जाते.

घावाचा प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहे. येथे गळाच्या काठीची जागा मोत्यांच्या हाराने घेतली आहे आणि पार्श्वभूमी लग्नाच्या दिवसाची आहे. जखम अलंकाराने होते आणि जखमच अलंकार बनते. रक्त, लाल रंग आणि सौंदर्य यांच्या मिश्रणात मारहाणीचा मारहाणपणा नाहीसा होतो. वर्गात या प्रसंगावर चर्चा करताना अध्यापकाने येथे थांबणे आवश्यक आहे. कारण प्रियकराने केलेली इजा ही प्रेमाची निशाणी होय, हा अर्थ निष्पाप नाही.

पारो व चंद्रमुखी यांच्या भेटीचेही तसेच. रॉय यांच्या मूक दृष्टिभेटीच्या जागी येथे दोघींचे एकत्र नृत्य आहे. कुलीन सून आणि गणिका एका अंगणात बरोबरीने नाचतात, यात एक धिटाई निश्चितच आहे. चंद्रमुखीने कालीबाबूला दिलेले सडेतोड उत्तरही स्मरणीय आहे. मात्र या भेटीची किंमत पारोलाच मोजावी लागते. तिचा पती तिच्या बाहेर जाण्यावर बंदी घालतो आणि अखेरीस त्याच्याच आज्ञेने वाड्याचे फाटक बंद होते. मरणासन्न देवदासला धावत येणारी पारो अस्पष्ट दिसते आणि दारे मिटतात. बंद होणारे फाटक रॉय यांच्या चित्रपटातही होते. परंतु भन्साळी यांनी त्याला संपूर्ण कथेचा निवाडा बनवले : प्रेम निर्दोष होते, दारे दोषी होती. कादंबरीतील ‘उशीर’ येथे ‘अडथळा’ होतो. उशिराला माणूस स्वतः जबाबदार असतो, अडथळ्याला दुसरे.

८. अनुराग कश्यप : संशय आणि परतीची वाट

२००९ सालचा ‘देव.डी’ कथा पंजाब आणि दिल्लीत आणतो. अभय देओल, माही गिल आणि कल्की केकलाँ यांच्या भूमिका असलेल्या या चित्रपटात अमित त्रिवेदी यांच्या संगीताला निवेदनाचे स्थान आहे. मोबाइलवरून पसरणारी चित्रफीत, बेफाम गाडीखाली माणसे चिरडणे अशा समकालीन घटनांचे पडसाद त्यात उमटतात. भाषेचा व दृश्यांचा मोकळेपणा अनेकांना रुचला नाही. परंतु घटनांनी मूळ कृतीपासून सर्वांत दूर गेलेला हा चित्रपट नैतिक प्रश्नाच्या बाबतीत मात्र मूळाच्या अनपेक्षितपणे जवळ येतो.

येथे वियोगाचे कारण देवचा संशय आहे. पारोच्या चारित्र्याविषयी कानावर आलेल्या वावड्यांवर तो विश्वास ठेवतो आणि तिला अपमानित करतो. घराण्याचा मोठेपणा वा कटकारस्थान यांचा आडोसा त्याला मिळत नाही. रात्रीच्या भेटीची जागा सायकलवर गादी घेऊन शेतात जाणाऱ्या पारोने घेतली आहे. काळानुरूप बदललेले हे साहस मूळच्या साहसाचेच वंशज आहे. लग्नानंतर ती देवला भेटते, त्याचे कपडे धुते, खोली आवरते, पण त्याच्या स्वाधीन होत नाही. शरच्चंद्रांच्या पार्वतीचा स्वाभिमान येथे नव्या वेषात दिसतो.

चंदाच्या रूपाने चंद्रमुखीला प्रथमच पूर्वायुष्य मिळते. तिची बदनामी करणारी चित्रफीत पाहणाऱ्या समाजावर आरोप ठेवला जातो. ती शिकते, आपले नाव स्वतः निवडते आणि देवला सावरते. देव मरत नाही. तथापि येथेही एक शंका उरते. नायकाला वाचवण्याचे काम पुन्हा एका स्त्रीवरच येते, आणि ज्यांना त्याच्या गाडीने चिरडले, त्यांचे काय झाले याची फारशी दखल चित्रपट घेत नाही. पश्चात्तापाची वाट त्याला मिळते. तिची पुरेशी किंमत त्याच्याकडून घेतली जाते का, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

९. निष्कर्ष

१. कादंबरीत देवदासच्या नाशाचे मूळ त्याच्या भीरुतेत, अहंकारात आणि उशिरा जागे होण्यात आहे. समाजव्यवस्था ही त्याची पार्श्वभूमी आहे, सबब नाही.

२. बरुआंनी ही जबाबदारी नियतीकडे वळवली. रॉय यांनी ती व्यक्ती व समाज यांत संयमाने विभागली. भन्साळींनी ती कुटुंब व खलपात्रे यांच्यावर टाकली. कश्यप यांनी ती पुन्हा नायकाच्या पदरात घातली, पण त्याला सुटकेची वाटही दिली.

३. नायक जितका निर्दोष होत जातो, तितकी पार्वतीची कृतिशीलता कमी होत जाते. हे दोन बदल परस्परांशी निगडित आहेत. त्याने नाकारलेली संधी अधोरेखित केली नाही, तर ती संधी देणाऱ्या स्त्रीचे साहसही दिसेनासे होते.

४. कथानकाशी जवळीक आणि आशयाशी जवळीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रॉय यांची मूक दृष्टिभेट आणि ‘देव.डी’तील सायकलवरची पारो या दोन्ही कादंबरीत नाहीत. तरीही त्या कादंबरीच्या गाभ्याला स्पर्श करतात.

१०. समारोप

कोणता ‘देवदास’ श्रेष्ठ, या प्रश्नाचे उत्तर शोधणे हा या अभ्यासाचा हेतू नव्हता. प्रत्येक पिढीने आपल्या दुःखाला शोभेल असा देवदास घडवला, हे खरे आहे. मात्र प्रत्येक पिढीने त्याबरोबर आपल्याला सोयीचा असा अपराधीही निवडला. साहित्याच्या वर्गात चित्रपट दाखवणे स्वागतार्हच आहे. परंतु पडदा मिटल्यावर ती लहानशी कादंबरी विद्यार्थ्यांच्या हाती दिली जावी. फाटक कोणी बंद केले, हा प्रश्न चित्रपट विचारतो. मध्यरात्री दार उघडून ती आली होती तेव्हा तो काय करत होता, हा प्रश्न शरच्चंद्र विचारतात. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे आणि वर्गात विचारला जायला हवा तो तोच.